ग्राहक बोलतो काय आणि सांगतो काय? भुयारी गेम्सच्या रिव्ह्यूंवरून एक धडा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जाणार, हे धरूनच चाललोय. आपण इथे मसाले, बेकरी, शिलाईकाम, नर्सरी, मोबाइल रिपेअरिंग असल्या धंद्यांवर बोलतो. मग आज एकदम व्हिडिओ गेम कुठून आले? गेम खेळायला शिकवत नाहीये, घाबरू नका. तुमच्या मुलाने हे पान उघडून "बघ आई, सर पण सांगतायत" म्हटलं, तर ते मात्र तुमचं तुम्ही निस्तरा.

मुद्दा असा आहे. ग्राहकाचं मत कसं वाचायचं, हे शिकायला उघड्यावर ठेवलेली उदाहरणं फारशी मिळत नाहीत. शेजारच्या डेअरीवाल्याला ग्राहक काय बोलले आणि त्याने पुढे काय केलं, हे आपल्याला कळत नाही. हॉटेलच्या तक्रारवहीत काय लिहिलंय ते मालक दाखवत नाही. पण छोट्या गेम बनवणाऱ्यांचा सगळा कारभार चव्हाट्यावर असतो. दोन-चार जणांचा चमू, मोठ्या कंपनीचा पैसा नाही, जाहिरातीला बजेट नाही, आणि अनोळखी माणसाने विकत घेतलं तरच घर चालणार. अशा गेमना इंडी गेम म्हणतात. त्यांचा प्रत्येक ग्राहक काय म्हणाला, कधी म्हणाला, आणि मालकाने त्यावर काय बदल केला, हे सगळं कुणालाही वाचता येतं. आपल्यासारख्यांना फुकटात मिळालेली प्रयोगशाळाच म्हणा ना.

त्यातही मी मुद्दाम दोन प्रकार निवडलेत. एक म्हणजे कोड्यांचे गेम. दुसरा म्हणजे डंजन क्रॉलर: अंधाऱ्या भुयारात उतरायचं, एकेक दालन उघडायचं, राक्षसांशी लढायचं, सापळे चुकवायचे आणि जमलं तर जिवंत वर यायचं. हे दोन्ही माल असे आहेत की त्यात अवघडपणा हाच विकायचा असतो. म्हणजे गंमत बघा, ग्राहक पैसे देतो त्रास करून घ्यायला, आणि मग त्रास झाला म्हणून तक्रार करतो! अशा ठिकाणी मालकाला तक्रार वाचायची अक्कल नसेल तर तो दोन महिन्यांत धंदा बसवेल.

तीच गोष्ट कौतुकात, तीच तक्रारीत

पहिलं उदाहरण फिनलंडचं. 'ऑलमोस्ट ह्यूमन' नावाच्या चार जणांच्या चमूने २०१२ च्या एप्रिलमध्ये 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' नावाचा गेम काढला. हा प्रकार त्या वेळी जवळजवळ मेलेला होता. १९८७ साली 'डंजन मास्टर' नावाचा गेम आला होता. त्यात चौकटी-चौकटीच्या भुयारातून एकेक पाऊल टाकत चालायचं. नकाशा गेम देत नसे. त्या काळचे लोक शेजारी आलेखाचा कागद घेऊन बसायचे आणि पेन्सिलीने स्वतः नकाशा काढायचे. ग्रिमरॉकवाल्यांनी पंचवीस वर्षांनी तोच माल नव्या चकचकीत चित्रांत आणला. वर आणखी एक केलं: नकाशा आपोआप काढून देण्याची सोय ठेवली, पण ज्याला जुन्या पद्धतीने कागदावर काढायची हौस आहे त्याच्यासाठी ती सोय बंद करून खेळायचा पर्यायही ठेवला.

आता खेळणाऱ्यांची मतं बघा. एक गट म्हणतो, भिंतीतल्या दगडांमध्ये लपवलेलं इवलंसं बटण सापडलं तेव्हा जो आनंद झाला तो कशातच नाही. दुसरा गट म्हणतो, भिंतीतलं इवलंसं बटण शोधत अर्धा तास घालवला, हा काय खेळ आहे? एक म्हणतो, कोडी डोक्याला खाद्य देतात. दुसरा म्हणतो, कोड्यात अडकलो, शेवटी उत्तर बाहेरून शोधलं आणि मजाच गेली. लढाईचंही तसंच. चौकटींमुळे राक्षसाभोवती गोल गोल सरकत, त्याचा वार चुकवत मारता येतं. काहींना हे कौशल्य वाटतं, काहींना नुसता फुगडीचा प्रकार.

नीट वाचलंत तर लक्षात येईल की दोन्ही गट एकाच बटणाबद्दल बोलतायत. मालात दोष नाही, तोच तर माल आहे. बटण मोठं केलं, त्यावर लाल दिवा लावला, तर तक्रार करणारा गप्प बसेल. पण कौतुक करणाराही गप्प बसेल, आणि तो गप्प बसला की दुसऱ्या दहा जणांना सांगणारं कुणी उरत नाही. ग्रिमरॉकवाल्यांनी बटणं मोठी केली नाहीत. २०१४ मध्ये दुसरा भाग काढला तेव्हा खेळ भुयारातून बाहेर मोकळ्या बेटावर नेला, जागांमध्ये वैविध्य आणलं, पण कोडी सोपी करून टाकली नाहीत.

तुमच्याकडे हे कसं दिसतं? समजा तुम्ही ठेचा विकता. दहा लोकांपैकी तिघे म्हणतात फार तिखट आहे, चौघे म्हणतात असा झणझणीत कुठे मिळत नाही. इथे बरेच नवे उद्योजक काय करतात? सरासरी काढतात. थोडा कमी तिखट करतात. मग तिघांना अजूनही तिखटच लागतो आणि चौघांना "पूर्वीसारखा राहिला नाही" वाटतं. सातही गेले! सरासरी ग्राहक नावाचा माणूस जगात नसतो हो. एकतर तो झणझणीतच ठेवा आणि बरणीवर ठसठशीत लिहा, नाहीतर दुसरी बरणी काढा. ग्रिमरॉकमधल्या नकाशाच्या पर्यायासारखं: ज्याला हवा त्याला मिळतो, ज्याला नको त्याच्या आड येत नाही.

अडकलेल्या ग्राहकाबद्दल मात्र एक गोष्ट जास्त बारकाईने बघण्यासारखी आहे. 'बाबा इज यू' हा २०१९ चा कोड्यांचा गेम, तोही फिनलंडचाच, मुख्यतः आर्वी तेइकारी या एका माणसाने बनवलेला. त्यात खेळाचे नियमच शब्दांचे ठोकळे बनून समोर पडलेले असतात. ते ठोकळे ढकलून वाक्य बदललं की नियम बदलतो. भिंत अडवते, हा नियम तोडला की भिंतीतून आरपार चालता येतं. हा गेम सोपा अजिबात नाही, भलताच अवघड आहे. तरी खेळणारे त्याच्यावर चिडण्यापेक्षा स्वतःवर हसतात. का? कारण चाल चुकली तर हवी तितकी पावलं मागे जाता येतं, काहीही दंड नाही. आणि एका कोड्यात अडकलात तर नकाशावर दुसरी चार कोडी उघडी असतात, तिकडे जा. सगळी सोडवलीच पाहिजेत अशीही सक्ती नाही.

म्हणजे "अवघड आहे" आणि "अडकलो" या दोन वेगळ्या तक्रारी झाल्या. पहिली मालाबद्दल आहे, दुसरी वाटेबद्दल. तुमच्या शिवणक्लासमधली मुलगी "कटोरी ब्लाउज अवघड जातं" म्हणते तेव्हा ते ठीक आहे, ते आहेच अवघड. पण "मी आल्यावर काय करायचं तेच कळत नाही, मॅडम दुसऱ्यांकडे असतात" म्हणते तेव्हा ती अडकलीये. पहिलीसाठी अभ्यासक्रम सोपा करू नका. दुसरीसाठी तिच्या हातात दुसरं काहीतरी काम ठेवा.

किती वेळ खेळून बोलतोय?

कॉम्प्युटरवरचे बहुतेक इंडी गेम 'स्टीम' नावाच्या ऑनलाइन दुकानातून विकले जातात. तिथली रिव्ह्यूची पद्धत मला फार आवडते. पाच तारे वगैरे भानगड नाही. अंगठा वर किंवा अंगठा खाली, शिफारस करतो किंवा करत नाही, बस्स. ज्याच्या खात्यात तो गेम आहे त्यालाच लिहिता येतं. आणि प्रत्येक मताच्या डोक्यावर त्या माणसाने गेम किती तास खेळला तो आकडा येतो.

हा आकडा म्हणजे सोनं आहे. अर्धा तास खेळून अंगठा खाली करणारा आणि तीनशे तास खेळून अंगठा खाली करणारा, दोघांनी शब्दशः एकच वाक्य लिहिलं तरी त्याचा अर्थ वेगळा. अर्धा तासवाला सांगतोय की दुकानाच्या पाटीवर त्याला जे वाटलं ते आत नव्हतं, किंवा सुरुवात नीट जमलेली नाही. तीनशे तासवाला तुमच्या मालावर जीव लावून बसलाय आणि कुठल्या तरी ताज्या बदलाने दुखावलाय. पहिल्यासाठी पाटी दुरुस्त करायची, दुसऱ्याशी बोलायचं. उलटं केलंत तर दोन्ही फुकट.

स्टीमवर पैसे परत मिळण्याचाही नियम आहे, २०१५ पासून: खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर मागा, परत. छोट्या गेमवाल्यांना सुरुवातीला याची चांगलीच धास्ती वाटली होती, कारण काही गेम दोन तासांत संपतातच. पण यातून एक शिस्त लागते. पहिल्या दोन तासांत ग्राहकाला गेमचा खरा स्वाद मिळाला पाहिजे. सातव्या तासाला येणाऱ्या सुंदर कोड्याचा, सहाव्या तासाआधी निघून गेलेल्याला काय उपयोग?

आपल्या खानावळीच्या किंवा डब्याच्या धंद्यात तासांचा आकडा कुणी डोक्यावर छापून देत नाही. तो आपण लिहायचा. तक्रार आली की वहीत तक्रारीच्या शेजारी एवढंच लिहा: कितव्यांदा घेतलं? पहिल्यांदा, तिसऱ्यांदा, की दोन वर्षं रोज? एवढ्या एका रकान्याने वहीचा चेहरा बदलतो. करून बघा.

प्रेतं आणि हृदयविकार: एक खरं वादळ

आता आजच्या धड्याचं मुख्य प्रकरण. चहा घेऊन बसा.

कॅनडातल्या व्हँकुव्हरला 'रेड हूक स्टुडिओज' म्हणून छोटी कंपनी आहे. ख्रिस बुरासा आणि टायलर सिगमन या दोघांनी सुरू केलेली. त्यांनी २०१४ च्या फेब्रुवारीत 'डार्केस्ट डंजन' या गेमसाठी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. मागितले ७५ हजार डॉलर, मिळाले ३ लाखांच्या वर. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांनी अर्धवट तयार गेम विक्रीला ठेवला. याला 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात: माल पूर्ण झालेला नाही हे सांगून विकायचा, आणि विकत घेणाऱ्यांच्या मतांवरून तो पूर्ण करायचा.

गेम कसा आहे? तुमचे चार वीर एका रांगेत उभे, समोर चार राक्षस रांगेत. कोण कुठल्या जागेवर उभा आहे त्यावर कोण कुणाला मारू शकतो ते ठरतं. भुयाराच्या अंधारात वीरांच्या मनावरचा ताण वाढत जातो. तो शंभरावर गेला की माणूस ढासळतो, भित्रा होतो, स्वार्थी होतो, सोबत्यांनाच घालून पाडून बोलतो. मेलेला वीर मेलाच, परत येत नाही. लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतला.

काही महिन्यांत खेळणाऱ्यांनी एक सोपी वाट शोधून काढली. समोरचा पहिला राक्षस मारला की तो नाहीसा व्हायचा आणि मागचे सगळे आपोआप एक पाऊल पुढे यायचे. मागे लपून मंत्र टाकणारा राक्षस, ज्याच्यापर्यंत पोचायला खरं तर डोकं लावायला हवं, तो बापडा आपसूक हातात यायचा. म्हणजे पुढून हाणत सुटा, बाकी विचार करायची गरज नाही. बनवणाऱ्यांच्या डोक्यात जागेला जे महत्त्व होतं ते उरलंच नव्हतं.

जुलै २०१५ मध्ये त्यांनी दोन बदल केले. राक्षस मेला की त्याचं प्रेत तिथेच जागा अडवून पडणार. प्रेत हटवा, नाहीतर त्याच्या पलीकडे मारणारी शस्त्रं वापरा. आणि ताण दोनशेवर गेला की वीराला हृदयविकाराचा झटका.

आणि भडका उडाला! खेळणाऱ्यांचा एक मोठा गट संतापला. लढाया लांबल्या, कंटाळवाण्या झाल्या, आमचे जमवलेले संघ निकामी झाले, आधीच अवघड होतं ते आता अन्यायाचं झालं, असा सूर. अंगठे धडाधड खाली. दुसरा गट तितक्याच हिरिरीने म्हणत होता की आता कुठे डावपेचांना अर्थ आला. लक्षात घ्या, हे सगळे पैसे मोजलेले ग्राहक होते आणि अर्धवट मालावर भरवसा ठेवून आधी आलेले होते. त्यांना तो गेम आपला वाटत होता. असा ग्राहक चिडतो तेव्हा त्याच्या रागात हक्क असतो. तुमच्या मेसमध्ये पाच वर्षं जेवणाऱ्या माणसाच्या ताटातली चटणी न सांगता बदला, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

त्या दोघांपुढे काय रस्ते होते? बदल मागे घ्यायचा: मग स्वतःला जो गेम करायचा होता तो गेला, आणि ओरडलं की मालक नमतो हे सगळ्यांना कळलं. बदल तसाच दामटायचा: मग पूर्ण माल बाजारात येण्याच्या आधीच पाटीवर वाईट शेरे. त्यांनी थोड्याच काळात पर्यायांच्या पानावर दोन खटके बसवले. प्रेतं नको असतील तर बंद करा. हृदयविकार नको असेल तर बंद करा. पण, आणि हे 'पण' महत्त्वाचं आहे, आपल्या मनातला गेम त्यांनी सोडला नाही. प्रेतं आणि झटके मूळ खेळाचा भाग म्हणून राहिले. प्रेतांचे बारकावे सुधारले, कुठल्या वाराने प्रेत हटेल वगैरे. जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण गेम आला तो या दोन्हींसकट, आणि तो चालला. पुढे "फार लांबतो, शेवटी तेच तेच करावं लागतं" अशी तक्रार सतत येत राहिली, तेव्हा २०१७ मध्ये कमी वेळात गेम पूर्ण होईल असा 'रेडियंट' नावाचा वेगळा प्रकार त्यांनी जोडून दिला. इथेही मूळ गेम तसाच ठेवला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बदल बरोबर होता, आणायची पद्धत कच्ची होती. खटके पहिल्या दिवसापासून असते तर भडक्यातला निम्मा धूर कमी झाला असता. पैसे आधी घेतलेल्या ग्राहकाला बदल "कळवायचा" नसतो, त्याला आधी चाखायला द्यायचा असतो. तुम्ही दिवाळीच्या फराळाची आगाऊ ऑर्डर घेता आणि तुपाचा ब्रँड बदलायचा आहे, तर पहिल्या पाच ऑर्डरवाल्यांना नव्या तुपातले दोन लाडू पाठवा, आणि "जुन्या तुपातलेच हवे असतील तर या तारखेपर्यंत सांगा" एवढा एक पर्याय ठेवा. फार थोडे जण जुनं मागतील. पण पर्याय होता, ही गोष्ट लोक लक्षात ठेवतात.

पाटी चुकली की चांगला मालही शिव्या खातो

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या 'क्यूसीएफ डिझाइन'चा 'डेस्कटॉप डंजन्स' हा माझा आवडता नमुना आहे. दिसायला भुयार, राक्षस, तलवारी. पण आत खरं तर कोडं आहे. अंधारातली नवी चौकट उघडली की तुमची थोडी तब्येत सुधारते, म्हणजे न पाहिलेली जमीन हीच तुमची शिल्लक. ती कधी खर्च करायची याचा हिशेब. एक डाव साधारण दहा मिनिटांचा. २०११ मध्ये त्याला डिझाइनचा मोठा पुरस्कारही मिळाला.

अशा गेमवर कुठल्या तक्रारी येतात? "मला वाटलं मारामारीचा आहे, हे तर गणित निघालं." आणि त्याच दमात दुसरा लिहितो, "इतकी सुंदर कोडी, पण नावावरून मला कळलंच नाही, उशिरा घेतला." म्हणजे चुकीचा माणूस आत आला आणि बरोबर माणूस बाहेर राहिला. अलीकडे, २०२५ मध्ये आलेल्या 'ब्लू प्रिन्स' या गेमचंही तसंच झालं. एका वाड्यात रोज नव्याने खोल्या मांडायच्या आणि सेहेचाळिसावी खोली शोधायची. भरभरून कौतुक झालं. पण कोडीप्रेमी म्हणतात, उत्तर डोक्यात तयार आहे आणि हवी ती खोलीच नशिबात येत नाही. नशिबाच्या खेळांची आवड असलेले म्हणतात, इतक्या नोंदी वहीत कोण लिहीत बसणार? दोघांच्या तक्रारी खऱ्या आहेत. दोन शेजारी-शेजारी दुकानांच्या गिऱ्हाइकांना एका दारातून आत घेतलं की असं होणारच.

पाकिटावर "नाचणी बिस्किट" लिहिलंय आणि आत मैदा-साखर जास्त आहे, तर डायबेटिसवाले चिडणार आणि मुलं हात लावणार नाहीत. चव उत्तम असून उपयोग नाही. तक्रारींमध्ये "मला वाटलं होतं" हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. जास्त वेळा येत असतील तर कढईला हात लावू नका, लेबल बदला.

आपल्या पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हा गेम २०२० मध्ये आला. भुयारी प्रकारातला नाही, पण मारामारी आणि कोडी दोन्ही आहेत, म्हणून इथे उल्लेख. चित्रं, मंदिरं, संगीत यांचं जगभर कौतुक झालं. लढाई अजून सफाईदार हवी आणि गेम लवकर संपतो, अशी कुरकुर झाली. "लवकर संपतो" ही तक्रार ज्या गेमला मिळते त्या मालकाने मनातल्या मनात एक पेढा खावा. कंटाळलेला माणूस असं लिहीत नाही.

"महाग आहे" कोण म्हणतंय?

२०१६ मध्ये कोड्यांचे दोन गेम आले. जोनाथन ब्लो यांचा 'द विटनेस', किंमत ४० डॉलर. आणि स्टीफन लाव्हेल यांचा 'स्टीफन्स सॉसेज रोल', किंमत ३० डॉलर, दिसायला अगदी ओबडधोबड. छोट्या कोडी-गेमची लोकांच्या डोक्यात ठरलेली किंमत तेव्हा दहा-पंधरा डॉलर होती. बाहेर भरपूर चर्चा झाली, हे काय भाव आहेत म्हणून. पण आत येऊन खेळलेल्यांच्या मतांत भाव हा मुख्य विषय राहिला नाही. ते कोड्यांबद्दल बोलत होते. सॉसेज रोलला तर कोड्यांच्या जाणकारांनी डोक्यावर घेतलं.

याचा अर्थ "भाव वाढवा, काही होत नाही" असा कृपा करून काढू नका! त्या दोघांकडे आधी कमावलेलं नाव होतं. अर्थ इतकाच की भावाची तक्रार दुकानाबाहेरून आली की दुकानातून, हे वेगवेगळं लिहा. बाहेरचा "महाग" म्हणाला तर त्याला आत काय आहे ते कळलेलं नाही. घेऊन, वापरून "महाग" म्हणाला तर मात्र झोप उडाली पाहिजे.

तोंडाने सांगितलेलं आणि हाताने केलेलं

'स्ले द स्पायर' हा पत्त्यांच्या डावाने मनोरा चढत जाण्याचा गेम अँथनी जोव्हानेटी आणि केसी यानो या दोघांनी काढला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अर्धवट माल विक्रीला आला तेव्हा सुरुवातीची विक्री थंड होती. मग खेळण्याचे व्हिडिओ दाखवणाऱ्या लोकांनी उचलून धरला आणि गाडी सुटली. ते दोघं जवळजवळ दर आठवड्याला सुधारणा काढत होते. लोक लिहायचे, हा पत्ता निकामी आहे, तो भलताच जोरदार आहे. ते वाचायचेच. पण त्यासोबत गेमने जमवलेले आकडेही बघायचे: कुठला पत्ता समोर आल्यावर लोक उचलतात, कुठला सोडतात, उचलणारे जिंकतात की हरतात. "निकामी" म्हणून बदनाम झालेला पत्ता घेणारे जास्त जिंकत असतील तर पत्ता कमजोर नाही, त्याचा उपयोग लोकांना उमगलेला नाही. दोन्हींवर इलाज वेगळा.

डब्याचा धंदा करणाऱ्या ताईंना हे सांगायची गरज नाही. फोनवर सगळे म्हणतात "छान होतं हो ताई." आणि परत आलेल्या डब्यात दोडका तसाच! रिकामा डबा खोटं बोलत नाही. परतीचे डबे धुवायला टाकण्याआधी एक मिनिट बघा, काय उरलंय ते लिहा. दोडका तीन आठवडे उरतोय आणि एकही तक्रार नाही, तर चौथ्या आठवड्यात दोडका नव्हे, ग्राहकच जाईल. कारण आपल्याकडे लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत, गुपचूप दुसरा डबा लावतात.

तुमच्या नातेवाइकांनी गूगलवर टाकलेले पाच तारे या हिशेबात धरू नका, हेही सांगून टाकतो. २०१६ मध्ये स्टीमने नियम केला की स्टीमवर विकत न घेता, दुसरीकडून मिळालेल्या कोडने गेम चालू केला असेल तर त्या माणसाचं मत दिसेल, पण एकूण निकालात मोजलं जाणार नाही. काही प्रामाणिक लोकांवर त्यात अन्याय झाला, कारण किकस्टार्टरला आधी पैसे दिलेल्यांनाही कोडच मिळायचे. तरी वही लिहिताना हा नियम आपल्यालाही बरा आहे: फुकट सँपल खाल्लेल्याचं मत वेगळ्या पानावर.

या आठवड्याचा गृहपाठ

वर सांगितलेल्यांपैकी कुठलाही एक गेम निवडा. खेळायचा नाही, विकतही घ्यायचा नाही. स्टीमवर त्याच्या पानावर जा, दहा चांगली आणि दहा वाईट मतं घ्या. इंग्रजी जड जात असेल तर मोबाइलवर भाषांतर करून घ्या, मोडकंतोडकं चालेल. वहीत चार रकाने आखा: किती तास खेळला, तक्रार किंवा कौतुक कशाचं, हीच गोष्ट उलट बाजूने कुणी म्हटली आहे का, आणि तुम्ही मालक असता तर काय केलं असतं. चौथा रकाना सगळ्यात शेवटी भरा. बऱ्याच ओळींत तिथे "काही नाही" असंच लिहावं लागेल. तेही लिहा.

परक्याच्या शिव्या वाचताना आपलं डोकं थंड राहतं, म्हणून सुरुवात तिथून. मग त्याच रात्री, डोकं थंड आहे तोवर, आपल्या व्हॉट्सॲपवर गेल्या तीन महिन्यांत आलेले ग्राहकांचे वीस मेसेज त्याच चार रकान्यांत उतरवा. ज्या मेसेजला तुम्ही उत्तरच दिलं नव्हतं तो आधी घ्या. व्हिडिओखाली वहीच्या पानाचा फोटो टाकलात तर ग्राहकांची नावं आणि नंबर झाकून टाका. पुढच्या रविवारी त्यातली तीन पानं घेऊन बसू.